गादीवाले हनीफभाई उठून बसतात

द्वारका नावाच्या चौकातून जरा आत वळलं, की गॅरेजवाल्यांच्या आणि टायरवाल्यांच्या रांगेत एकच दुकान असं आहे, जिथे ऑइलचा वास येत नाही. ते हनीफभाईंचं. बाहेर बाकावर गाद्यांची चळत, आत कापसाचा ढीग, आणि पिंजायचं यंत्र चालू असलं की हवेत उडणारा कापूस. तो हनीफभाईंच्या भुवयांवर आणि दाढीवर कायम बसलेला असतो, त्यामुळे माणूस आहे त्याहून बराच म्हातारा दिसतो. हे तोंडावर सांगितलं तरी त्यांना राग येत नाही. राग येतो तो समोर बोट दाखवलं तर. समोर फोमच्या आणि स्प्रिंगच्या गाद्यांचं काचेचं मोठं दुकान झालंय.

"त्याच्यावर माणूस झोपत नाय, बुडतो," हनीफभाई म्हणतात.

त्यांच्याकडे गादी भरायला कुणी आलं, की आधी भाव नाही, माप नाही. आधी चौकशी. कोणत्या कुशीवर झोपता? सकाळी मान धरते का? बायको काय म्हणते? एखाद्याला वाटावं, चुकून दवाखान्यातच आलो. कारण हनीफभाईंचं ठाम मत असं, की जगातली अर्धी दुखणी वाईट अंथरुणामुळे होतात आणि उरलेली अर्धी चांगल्या अंथरुणाने बरी होतात. पाठ टेकून सरळ पडायचं, कापसाच्या घट्ट गादीवर, आणि हलायचं नाही. ताप आला, पडा. कंबर धरली, पडा. नोकरी गेली, तरी आधी जरा पडा, डोकं ताळ्यावर येईल. आयुष्यभर लोकांना आडवं करण्याचा धंदा केलेल्या माणसाचं दुसरं काय मत होणार म्हणा!

हे मूळचे सायखेड्याचे. त्यांचे वडील खांद्यावर पिंजायची कमान टाकून गोदाकाठची गावं फिरायचे. त्या कमानीची तार वाजली, की बाया घरातल्या जुन्या गाद्या अंगणात आणून टाकायच्या. हनीफभाईंनी कमान सोडली, शहरात आले, यंत्र घेतलं. पण एक रीत त्यांनी सोडली नाही. त्यांच्या घराण्यात मुलीच्या लग्नाची गादी बाप स्वतःच्या हाताने भरतो. कापूस त्याने पिंजायचा, काठीने त्यानेच झोडून सारखा करायचा, खोळ त्याने शिवायची, टाके त्याने घालायचे. त्या गादीत दुसऱ्या कुणाची सुई जायची नाही. रेहानाबी, म्हणजे हनीफभाईंची बायको, सिन्नरहून आपल्या बापाच्या हातची गादी घेऊन आली, तीच दोघांच्या अंगाखाली अजून आहे. दरवर्षी कापूस पिंजून पुन्हा भरायचा, खोळ बदलायची, की गादी नवी.

आता पाळी त्यांच्या सुहानाची होती. सुहाना एका शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवते. आवेजशी तिचं ठरलं, रमजानच्या आधी लग्न उरकायचं असं दोन्ही घरांनी पक्कं केलं आणि हनीफभाईंनी लांब धाग्याचा उत्तम कापूस निवडून आणून दुकानाच्या माळ्यावर वेगळा ठेवला. त्याला हात लावायचा कुणाला हुकूम नव्हता. आणि नेमकं त्याच सुमारास त्यांची डावी कूस उठली.

उठली म्हणजे आजवर दुखत नव्हती असं नाही. वर्षानुवर्षं दुखायची. दुखली की हनीफभाई आडवे व्हायचे, थोड्या वेळाने बरं वाटायचं, आणि त्यांच्या मतावर त्यांचाच आणखी एक शिक्का बसायचा. पण या वेळी पडूनही राहवेना. सुहानाने ऐकून घेतलं नाही. तिने त्यांना धरून डॉक्टर योगिनी गायधनींकडे नेलं. सोनोग्राफी झाली, बाकीच्या तपासण्या झाल्या, आणि कळलं की डाव्या किडनीतून लघवीची नळी जिथे निघते तिथलं तोंड जन्मापासूनच बारीक आहे. लघवी तुंबून तुंबून किडनीच्या आतली पिशवी फुगली होती. डॉक्टरांनी दुर्बिणीने ऑपरेशन केलं, तो बारीक भाग कापून टाकला आणि नळी पुन्हा रुंद तोंडाने जोडून दिली. आत एक रबरी नळी ठेवली होती, ती काही आठवड्यांनी काढून टाकली. सगळं व्यवस्थित झालं.

घरी पाठवताना डॉक्टर म्हणाल्या, "भरपूर पाणी प्या. चाला, फिरा. जड काही उचलायचं नाही, काठी वगैरे चालवायची नाही. आराम करा. तीन महिन्यांनी आपण स्कॅन करू. जोड मोकळा आहे असं दिसलं, की मग तुमचं काम सुरू."

आता बघा, इतकी वाक्यं बोलल्या त्या. त्यातलं गादीवाल्याच्या घरात पोचलं एकच. आराम करा.

रेहानाबीने त्या आरामाचं जे काही केलं ते बघायला हवं होतं. दुकानामागच्या खोलीत तिने खास घट्ट भरलेली गादी टाकली आणि नवऱ्याला तिच्यावर आडवं केलं. जेवायला उठायचं, पुन्हा आडवं. नमाज बसून, पुन्हा आडवं. कुशीवर वळायचं नाही, टाके उसवतील. उसवतील! तिच्या आयुष्यात उसवणं हा प्रकार तिने रोज पाहिलेला, त्यामुळे डॉक्टरांचे टाके म्हणजे तिला खोळीचेच टाके वाटत. जरा कुठे जास्त ताण आला, की दोरा सुटला. हनीफभाई तरी काय म्हणणार? त्यांचाच उपदेश त्यांच्यावर चालला होता. ते पडल्या पडल्या सुहानाला दुकानातल्या गिऱ्हाइकांना काय सांगायचं ते ओरडून सांगत, आणि एरवी छताकडे बघत राहत.

बाहेर जायची वेळ आली तरी गादी सुटली नाही. त्यासाठी खंडेराव होता. खंडेराव सायखेड्याचा, हनीफभाईंच्या वर्गातला, हंगामात टेम्पोने द्राक्षांचे क्रेट वाहणारा. त्याने टेम्पोत गादी अंथरली, वर ताडपत्री ताणली, आणि हनीफभाईंना टाके काढायला, नळी काढायला, कुठेही न्यायचं तर झोपवून न्यायचं असं ठरून गेलं. चौकातल्या सिग्नलला टेम्पो थांबला की शेजारचे मोटारसायकलवाले आत डोकावत आणि घाईघाईने हात जोडत. "अरे जिता हाय मी!" हनीफभाई आतून खेकसायचे. खंडेराव त्यावर इतका हसायचा, की सिग्नल सुटलेला कळायचा नाही.

स्कॅनचा दिवस आला. इंदिरानगरकडच्या एका सेंटरमध्ये जायचं होतं. शेखर नावाचा तंत्रज्ञ तिथे होता, चष्मेवाला, गोड बोलणारा. त्याने हनीफभाईंना आधी पोटभर पाणी पाजलं. मग एका अरुंद टेबलावर उताणं झोपवलं, शिरेत एक औषध टोचलं आणि समजावून सांगितलं, "काका, हे औषध किडनीतून लघवीबरोबर बाहेर पडतं. टेबलाखालचा कॅमेरा ते कुठे कुठे जातं त्याचे फोटो काढत राहील. मध्ये लघवी वाढवायचं एक इंजेक्शन देईन. हलायचं नाही."

हलायचं नाही हे हनीफभाईंना सांगावं लागणार होतं का? ते लाकडासारखे पडले. पण अंग स्थिर असलं तरी बोटं कुठे गप्प बसतात. टेबलावर रेक्झिनची पातळ गादी होती. त्यांनी बोटांच्या टोकांनी हळूच दाबून पाहिलं. फोम. तोही बसलेला, कडेला तर नुसता पापुद्रा राहिलेला. रोज किती आजारी माणसं हिच्यावर येऊन पडत असतील! त्यांच्या मनात तिथल्या तिथे हिशेब सुरू झाला, एवढ्या लांबी-रुंदीला कापूस किती लागेल, खोळ कशाची घ्यावी, घामाला टिकेल असं काय घालावं.

म्हणून स्कॅन संपल्यावर शेखर जे बोलला ते त्यांच्या कानांवरून वाऱ्यासारखं गेलं. शेखर म्हणाला होता, "काका, आता बाहेर जा, लघवी करून या आणि चांगलं पाव तास इकडेतिकडे फिरा. दमलात तर बसा, पण आडवं पडायचं नाही. उभं राहिलं की आत साठलेलं आपल्या वजनाने खाली उतरतं. मग शेवटचा एक फोटो काढू."

"हो हो," हनीफभाई म्हणाले आणि एकदा वळून टेबलाकडे बघितलं.

बाहेर आले तर आवारात रेहानाबी उभीच. तिने नवऱ्याला लघवीला जाऊन येऊ दिलं आणि चालताना पाहताच कपाळाला हात लावला. "या अल्लाह! तपासणी करून आला न् असं तुरूतुरू चालता? चला, पडा आधी." झाडाच्या सावलीत टेम्पो लावलेला होता. खंडेरावाने फाळका खाली घेतला, हनीफभाई गादीवर आडवे झाले, आणि त्या बसलेल्या फोमनंतर आपल्या हातच्या कापसावर पाठ टेकल्याचं त्यांना असं काही सुख वाटलं, की डोळाच लागला.

शेखरने हाक मारली तेव्हा ते उठून आत गेले. "फिरलात ना काका?"

"फिरलो की," हनीफभाई म्हणाले. दारापासून टेम्पोपर्यंत आणि टेम्पोपासून दारापर्यंत, म्हणजे त्यांच्या हिशेबाने फिरणंच झालं. खोटं बोलायचं त्यांच्या मनातही नव्हतं.

दोन दिवसांनी डॉक्टर गायधनींच्या केबिनमध्ये तिघं बसले होते. सुहाना, रेहानाबी आणि मधल्या खुर्चीत हनीफभाई, अवघडून, कारण इतका वेळ बसायची सवयच राहिली नव्हती. खंडेराव बाहेर टेम्पोजवळ होता. डॉक्टरांनी फोटो समोर धरले. उजव्या बाजूची किडनी शेवटच्या फोटोत जवळजवळ रिकामी. डाव्या बाजूला मात्र काळा गोळा तसाच बसलेला.

"किडनी काम चांगलं करतेय," डॉक्टर म्हणाल्या. "सोनोग्राफीत सूजही थोडी कमी आहे. मला खरं तर चांगला रिपोर्ट येईल असं वाटत होतं. पण औषध खाली उतरलेलं नाही. नुसतं झोपलेलं असताना राहिलं असतं तर मी एवढी काळजी केली नसती. उभं राहून, फिरून आल्यावरही इतकं राहिलं, म्हणजे जोड पुन्हा आवळला गेला असेल, असं धरून चालावं लागेल. आधी आत दुर्बीण घालून बघू. पुन्हा नळी ठेवावी लागेल. कदाचित पुन्हा ऑपरेशन."

हनीफभाईंनी टेबलाच्या कडेवर हात ठेवले होते, ते तसेच राहिले. कापलेल्या जागी पुन्हा कापणार, याची भीती वाटली का? वाटली ना. चांगली वाटली. पण त्याहून मोठं काही त्यांच्या छातीत खाली बसलं. माळ्यावरचा कापूस. पुन्हा ऑपरेशन म्हणजे पुन्हा महिनोन्महिने काठीला हात नाही, आणि सुहानाचं लग्न तर तोंडावर आलेलं.

"अब्बा, लग्न पुढे ढकलू," सुहाना म्हणाली. "आवेजशी मी बोलते. ईदनंतर करू. घाई कशाला?"

"नाय. तारीख हलवायची नाय." हनीफभाईंनी घसा खाकरला. मग खिडकीकडे बघत, कुणालाच न सांगितल्यासारखं म्हणाले, "गादी समोरच्याकडून घेऊन टाक. चांगली असती त्यांची बी."

डॉक्टरांना त्यात काही विशेष कळलं नाही, त्यांना ते गादीचं काहीतरी घरगुती बोलणं वाटलं असणार. पण रेहानाबीने मान झटकन वर केली. एवढ्या वर्षांच्या संसारात हा माणूस धंद्यात खचलेला तिने पाहिला होता, बापाच्या मयतीत रडलेला पाहिला होता, पण समोरच्या दुकानाला कधी त्याने चांगलं म्हटलं नव्हतं. नवरा आशा सोडून बसलाय हे तिला त्या एका वाक्यात कळलं, आणि ती, जी डॉक्टरांसमोर आजवर तोंड उघडत नव्हती, ती पदर सावरून पुढे सरकली.

"मॅडम, उभं राहून, फिरून आल्यावर बी राहिलं, असं म्हनला तुमी. म्हंजी फिरायचं व्हतं का?"

"हो तर. शेवटच्या फोटोआधी चांगलं फिरायचं असतं. सांगितलं नव्हतं का सेंटरवर?"

रेहानाबीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने आपल्या चपलांकडे पाहिलं. आता हे कसं सांगायचं? सांगावं तर बायकोचं हसं, न सांगावं तर पोटावर सुरी. हनीफभाई तोंड उघडणार, एवढ्यात रेहानाबीच बोलली.

"ते फिरलेच नाय, मॅडम. मीच नेऊन झोपवलं त्यांना टेम्पोत. गादीवर. सेंटरवाल्यांनी कवा सांगितलं असंल मला ठाऊक नाय, पन झोपवलं मी. तीन महिने मीच झोपवून ठेवलंय." आणि तिचा आवाज फुटला. "माझ्यामुळं झालं का हे?"

"तिचं काय नाय त्याच्यात," हनीफभाई घाईने म्हणाले. "त्या पोरानं मला सांगितलं आसंल. मी त्या टेबलाची गादी बघत व्हतो."

डॉक्टर गायधनींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या रागावणार असं तिघांनाही वाटलं. त्या हसल्या. आणि हसू आवरून म्हणाल्या, "बाई, तुमच्यामुळे काही बिघडलेलं नाही. उलट तुम्ही बोललात म्हणून वाचलो आपण."

मग त्यांनी कागद ओढून चित्र काढलं. इतकी वर्षं लघवी तुंबून किडनीतली पिशवी ताणली गेलेली असते. ऑपरेशनने तोंड मोकळं होतं, पण पिशवी लगेच आवळून लहान होत नाही, ती ढिलीच राहते, कधी कायमची. माणूस उताणा झोपला की अशा ढिल्या पिशवीत लघवी साचून राहते, वाट मोकळी असली तरी. उभं राहिलं किंवा बसलं की आपल्या वजनाने खाली घसरते. म्हणून झोपवून काढलेल्या फोटोत साचलेलं दिसलं तरी तेवढ्यावरून वाट बंद आहे असं म्हणता येत नाही. उभं करून, लघवी करवून, मग पाहावं लागतं.

हनीफभाई चित्राकडे बघत राहिले. "अर्धी भरलेली पखाल आडवी टाकली तर पानी आतच राहनार," ते हळूच म्हणाले. पखाल म्हणजे पाण्याची कातडी पिशवी, त्यांचे वडील फिरतीवर बरोबर न्यायचे.

"अगदी तसंच. पण मी आत्ता वचन देत नाही हं. जोड खरंच आवळलेलाही असू शकतो. पुढच्या आठवड्यात स्कॅन पुन्हा करू, आणि या वेळी शेवटचा फोटो बसवून काढायला सांगते. चूक आमच्याकडचीही आहे. फिरलात का एवढंच विचारून भागत नाही, बघायला हवं." मग त्यांनी रेहानाबीकडे वळून विचारलं, "आणि तीन महिने झोपवून ठेवायला कुणी सांगितलं होतं?"

रेहानाबीने नवऱ्याकडे बोट केलं. "ह्यांनीच. सगळ्या गावाला तेच सांगत्यात."

त्या आठवड्यात द्वारकेच्या त्या गल्लीने काय पाहिलं ते विचारू नका. ज्या बाईने नवऱ्याला कुशीवर वळू दिलं नव्हतं, तीच आता त्याला टेकू देईना. सकाळी चहा झाला की चला. दुपारी जेवण झालं की चला. खंडेराव गाडी लावून सोबतीला येई, आणि दोघं बालमित्र गॅरेजांच्या रांगेतून वर-खाली करत, सायखेड्याच्या शाळेतल्या मास्तरांच्या नकला करत, टायरवाल्यांच्या चहावर हात मारत. "काय हनीफभाई, इलेक्शनला उभं राहताय का?" एकाने विचारलं. "उभं राहतोय, येवढंच समज," हनीफभाई म्हणाले. गंमत म्हणजे त्यांना बरं वाटत होतं. पाय मोकळे झाले होते, भूक लागत होती. फक्त रात्री अंथरुणावर पडलं की तो काळा गोळा डोळ्यांसमोर यायचा, आणि डॉक्टर म्हणाल्या होत्या, वचन देत नाही.

दुसऱ्यांदा सेंटरवर गेले तेव्हा हनीफभाई खंडेरावाच्या शेजारी केबिनमध्ये बसून गेले. सगळं पहिल्यासारखंच झालं. पाणी, टेबल, औषध, इंजेक्शन. या खेपेला त्यांनी बोटं छातीवर गुंफून ठेवली. संपल्यावर त्यांनी पडद्याकडे मान वळवली, तर डावीकडे काळा गोळा. तसाच. तेवढाच.

"काका, तिकडे आत्ता बघू नका," शेखर म्हणाला. "झोपून तो दिसणारच. आधी लघवी, मग चला माझ्यासमोर फिरायला."

लघवी करून आले आणि आवारात फेऱ्या सुरू झाल्या. हनीफभाई मध्ये, एका बाजूला खंडेराव, दुसऱ्या बाजूला रेहानाबी, आणि दारात शेखर हाताची घडी घालून उभा. रेहानाबीच्या तोंडाने दुवा चालू होती. बाकावर नंबर लागायची वाट बघत बसलेल्या एका आजींनी हा काय प्रकार म्हणून विचारलं. खंडेरावाला सांगायला तेवढंच हवं होतं. त्याने ढिल्या पिशवीपासून टेम्पोतल्या गादीपर्यंत सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. आजी इतक्या हसल्या, की त्यांच्या सुनेने त्यांना पाणी दिलं. मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चला, मी पण येते दोन फेऱ्या. मला नाही सांगितलं, पण बसून तरी काय करू!" त्यांच्यामागे आणखी दोघं निघाले. आवारात चांगली दिंडीच झाली म्हणा ना, फक्त टाळ नव्हते. हनीफभाई पुढे, कपाळावर घाम, आणि मनात एकच: उतर बाबा. उतर खाली.

पुन्हा लघवीला जाऊन आले. मग शेखरने त्यांना आत नेलं, कॅमेरा उभा केला आणि समोर स्टूल ठेवलं. "पाठ कॅमेऱ्याला लावून ताठ बसा."

हनीफभाई बसले. पाठ टेकायला गादी नव्हती, काही नव्हतं, नुसतं थंड सपाट यंत्र. काचेपलीकडे रेहानाबीचा चेहरा दिसत होता. तिने दोन्ही हात काचेला लावले होते. फोटो निघायला फार वेळ लागला नाही, पण हनीफभाईंना तेवढ्या वेळात सुहाना तान्ही असल्यापासून आतापर्यंतची सगळी आठवली.

शेखरने दोन फोटो शेजारी शेजारी लावले. बोलायची जरूर पडली नाही. एकात गोळा होता. दुसऱ्यात त्या जागी फिकट, पुसलेली सावली उरली होती, उजव्या बाजूला होती तशीच.

"गेलं?" हनीफभाईंनी विचारलं.

"उतरलं काका. डॉक्टर बघून पक्कं सांगतील, पण उतरलं."

हनीफभाई स्टुलावरून उठलेच नाहीत. त्यांना हसूही येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही, आणि दोन्ही थांबवायची काही घाई नव्हती. बाहेर खंडेरावाने आरोळी ठोकली ती नर्सने तोंडावर बोट ठेवेपर्यंत चालली. रेहानाबीने काचेवरून हात काढले आणि तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली.

त्याच दुपारी डॉक्टर गायधनींचा सुहानाला फोन आला. वाट मोकळी आहे. ऑपरेशन नको, नळी नको. काठी हातात घ्यायला हरकत नाही, हळूहळू वाढवायचं. आणि झोपणं रात्री, माणसासारखं.

हनीफभाईंनी जेवणही धड केलं नाही. माळ्यावरून कापूस खाली काढायला लावला, यंत्र सुरू केलं, आणि दुकानात पांढरं पांढरं होऊन गेलं. पिंजलेला कापूस खोलीभर पसरला, तो छातीपर्यंत आला. मग त्यांनी काठी घेतली. पहिला फटका हलका मारला, पोटावर हात ठेवून. काही झालं नाही. दुसरा जरा जोरात. समोरच्या काचेच्या दुकानातला पोऱ्या नव्हे, खुद्द मालक बाहेर येऊन उभा राहिला. "शुरू हो गए, हनीफभाई?"

"शुरू!" हनीफभाई ओरडले, आणि त्या दिवशी त्यांनी त्यालासुद्धा चहा पाजला.

चहा देऊन आत वळले तेव्हा रेहानाबी दिसेना. हाक मारणार, तोच दिसली. खोळीत भरायला म्हणून ती कापूस गोळा करायला बसली होती, ती त्याच ढिगात कलंडली होती. एका हातात खोळीचं टोक तसंच. गाढ झोपली होती, तोंड किंचित उघडं, केसांत कापूस. आणि तेव्हा हनीफभाईंच्या लक्षात आलं. तीन महिने रात्री कधीही जाग आली, जरा कूस बदलावीशी वाटली, की हिचा हात खांद्यावर यायचा, "हळू." प्रत्येक वेळी. एकदासुद्धा हात यायला उशीर झाला नव्हता. ते पडून होते, जागी ती होती.

त्यांनी काठी भिंतीला लावून ठेवली आणि यंत्राचं बटण बंद केलं.

सुहाना शाळेतून आली ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "अब्बा, माझी गादी? फोनवर तर म्हणालात आजच भरणार."

"उद्या भरू," हनीफभाई हळू आवाजात म्हणाले. "तुझी अम्मी झोपलीय त्या कापसावर." आणि ते बाहेर बाकावर जाऊन बसले, येणाऱ्या गिऱ्हाइकाला दारातूनच हाताने परत पाठवत, ती आपसूक उठेपर्यंत.